मंजुरीचं पत्र आलं की रकमेच्या आधी तारीख बघा

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या ऑफिसात जी गर्दी होते ती डिसेंबरातच व्हावी म्हणून हे पत्रक काढलंय. वाचनालयं, महिला मंडळं, शाळेच्या कमिट्या, बेळगाव जिल्ह्यातली, खानापूरपासून निपाणीपर्यंतची आपली मंडळी अनुदानाचे कागद घेऊन येतात आणि बहुतेकांना वाटतं की पैसे खात्यावर पडले म्हणजे आपले झाले, आता सावकाश खर्च करू. तसं नसतंय बघा.

बजेट पास होतं ते 1 एप्रिल ते 31 मार्च एवढ्यापुरतंच, त्यात डिपार्टमेंटनं पैसे काढले नाहीत तर सहसा शिल्लक लॅप्स होते, म्हणजे रद्द होते, मग पुढच्या वर्षी नव्यानं मागायचं. केंद्राच्या 2017 च्या जनरल फायनान्शियल रूल्समध्ये शेवटच्या महिन्यांतली खर्चाची घाई म्हणजे आर्थिक शिस्तीचा भंग असं स्पष्ट लिहिलंय, तरी घाई होतेच. त्यात निवडणूक आली तर अजून अडचण. 2024 ला 16 मार्चलाच लोकसभेची आचारसंहिता लागली, बेळगाव आणि चिकोडीचं मतदान 7 मे ला, मधल्या काळात आर्थिक वर्षच बदललं. आचारसंहितेत सुरू झालेलं काम चालू राहतं, नवीन मंजुरी मात्र थांबते, त्यामुळं कोटेशन, ठराव, पासबुकाची झेरॉक्स हे सगळं डिसेंबरातच तयार ठेवा.

ही झाली सरकारची मुदत. तुमची मुदत वेगळी, ती आदेशात, म्हणजे मंजुरीच्या पत्रात असते आणि आदेश असतो कानडीत. तीन वर्षांपूर्वी एका वाचनालयाला कपाटांसाठी पैसे मिळालेले, सेक्रेटरींनी पत्रावरची रक्कम वाचली आणि पत्र फाईलला लावलं. दुसऱ्या पानावर खाली '90 दिनगळ ओळगे' असं होतं, म्हणजे 90 दिवसांच्या आत, आणि ते दिवस मोजायचे पत्राच्या तारखेपासून, पैसे जमा झाल्यापासून नव्हे. पैसेच आले 40 दिवसांनी. कपाटं सुताराकडं उभी होती, नुसतं पॉलिश राहिलेलं, तोवर मुदत संपली, आणि मुदतवाढीचा अर्ज मुदत संपायच्या आत द्यायला लागतो तोही राहून गेला. सगळी रक्कम परत भरली आणि सुताराचे पैसे मंडळींनी खिशातनं घातले. महिनाभर आधी ते दुसऱ्या कामासाठी आमच्याकडं येऊन गेलेले, तेव्हा आम्ही पत्र बघायला मागितलं नाही याचं आम्हाला अजून वाईट वाटतं.

म्हणून कानडी येत नसलं तरी तीन शब्द ओळखायला शिका. 'ओळगे' म्हणजे आत, 'कोनेय दिनांक' म्हणजे शेवटची तारीख, आणि 'हण बळके प्रमाणपत्र' म्हणजे युटिलायझेशन सर्टिफिकेट, पैसे कशावर खर्च केले त्याचा दाखला. केंद्राच्या एकदाच मिळणाऱ्या अनुदानाला हा दाखला ज्या आर्थिक वर्षात पैसे मिळाले ते संपल्यापासून 12 महिन्यांच्या आत द्यायचा असतो, आदेशात त्याहून कमी दिवस असतील तर आदेशाप्रमाणं चाला. खात्यावर त्या पैशाचं व्याज पडलं असेल तर तेही सरकारजमा करायचं, केंद्राचा नियम तसाच आहे. त्यासाठी अनुदानाला वेगळं खातं ठेवा, नाहीतर देणगी कुठली आणि अनुदान कुठलं हे नंतर आम्हालाही सोडवता येत नाही.

मागच्या तारखेचं बिल जोडून द्या असं कुणी म्हणालं तर ते आम्ही करत नाही. दुकानदाराच्या जीएसटी बिलाचे नंबर ओळीनं असतात, ऑडिटला ते लगेच दिसतं, आणि मग सही करणारा अध्यक्ष अडकतो.

घरकुलवाल्यांनो, पीएम आवास ग्रामीणमध्ये मंजुरीपासून 12 महिन्यांत घर पुरं करायचं असतं, बांधकामाच्या टप्प्याप्रमाणं हप्ते मिळतात, पाया घालून पाऊस बघत बसू नका. आणि पीएमईजीपी, म्हणजे नवीन धंद्यासाठी कर्ज आणि सबसिडी देणारी केंद्राची योजना, तिची सबसिडी बँकेत तुमच्या नावानं 3 वर्षं अडकून असते, तेवढा काळ धंदा खरोखर चालू दिसला तरच ती कर्जात वळती होते.

येताना आदेशाच्या सगळ्या पानांची झेरॉक्स आणा, मागची बाजू सुद्धा, अटी बऱ्याचदा तिथंच छापलेल्या असतात. वाचून तारीख सांगायला आम्ही पैसे घेत नाही.