किल्ली बँकेला दिली म्हणजे कर्ज फिटत नाही

हप्ते थकले की कुणीतरी सल्ला देतंच: "किल्ली बँकेला देऊन टाका, घर त्यांचं, तुम्ही मोकळे." हे खरं नाही, आणि यावर विसंबून माणसं फार मोठं नुकसान करून घेतात.

अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत राहत्या घराच्या कर्जाला अशी सूट आहे. 2008 च्या मंदीनंतर तिथल्या बातम्यांमुळे हा समज आपल्याकडे आणखी पसरला असावा. आपल्याकडे मात्र 2002 चा सरफेसी कायदा लागतो; त्यात बँक थकलेल्या कर्जापोटी तारण घर ताब्यात घेऊन विकू शकते. समजा 40 लाख बाकी आहेत आणि लिलावात 34 लाख आले, तर उरलेले 6 लाख आणि वर खर्च बँक तुमच्याकडूनच मागू शकते. जामीनदारही सुटत नाही. उलट लिलावात जास्त आले, तर देणं आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम तुमच्या हक्काची. ती मागा.

90 दिवस थकलं की खातं बुडीत वर्गात जातं. मग 60 दिवसांची नोटीस येते. ती न उघडता कपाटात टाकू नका! लेखी हरकत घेतलीत, तर बँकेला 15 दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. पुढे दारावर ताबा नोटीस चिकटते, पेपरात छापून येते. तेव्हाही 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. मात्र सगळं देणं भरून घर सोडवायचं असेल, तर ते लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होण्याआधीच.