मुलांची पोटगी: अर्ज कुठे करायचा, कागद कोणते लागतात

मूल आईकडे राहत असले तरी वडिलांची खर्चाची जबाबदारी सुटत नाही. घटस्फोट होईपर्यंत थांबण्याचीही गरज नाही. १ जुलै २०२४ पासून हा अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली होतो. कोर्टाच्या आवारात अजून 'एकशे पंचवीस'च ऐकू येईल, म्हणजे आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले हेच कलम. धर्म कोणताही असो, आईवडिलांचे लग्न झालेले असो वा नसो, अल्पवयीन मुलाला हा हक्क आहे. 'मला काही नको' असे आईने लिहून दिले असले तरी मुलाचा हक्क बुडत नाही.

कुटुंब न्यायालय असेल तिथे त्यात, नसेल तिथे प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. आई माहेरी राहत असेल तर तिथल्या कोर्टातही चालतो.

मुलाचा जन्मदाखला, आधार, लग्नाचा पुरावा (असल्यास), फीच्या पावत्या आणि औषधांची बिले जोडा. खरा जोर मात्र उत्पन्न-मालमत्तेच्या प्रतिज्ञापत्रावर असतो. रजनेश विरुद्ध नेहा या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालापासून ते दोघांनाही द्यावे लागते. त्यात खर्च मोघम 'दहा हजार' लिहू नका. स्कूल व्हॅन, शिकवणी, दूध, गणवेश असे वेगवेगळे मांडा. 'धंदा बसलाय' हे उत्तर येणारच, तेव्हा समोरच्याची नोकरी, दुकान, गाडी, फ्लॅट यांची जी माहिती असेल ती अर्जातच द्या. आई कमावती असेल तर खर्च दोघांच्या ऐपतीप्रमाणे वाटला जाऊ शकतो. अर्ज त्यामुळे फेटाळला जात नाही.

त्याच निकालानुसार पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते, म्हणून एखाद्या कागदासाठी अर्ज अडवून ठेवू नका. अंतरिम पोटगीचा (अंतिम निकाल लागेपर्यंतच्या पोटगीचा) निर्णय नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत व्हावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडतात, तरी अंतरिम अर्ज सोबतच द्या.

आदेशानंतर पैसे थकले तर देय तारखेपासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करा. या कलमाखालचे वॉरंट त्यानंतर निघत नाही. थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि कैद भोगली म्हणून रक्कम माफ होत नाही. मुलाला भेटू देत नाहीत म्हणून पोटगी थांबवता येत नाही. भेटीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००.