जुन्या जीपचा मास्टर सिलिंडर : पायाखालच्या जागेमागचा इतिहास

जुन्या विलीज किंवा महिंद्रा जीपचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पॅडलच्या जोराने ब्रेक ऑइल दाबून चाकांकडे पाठवणारा भाग, बदलायचा तर बॉनेट उघडून उपयोग नाही. तो चालकाच्या पायाखाली, चासीला बोल्टने आवळलेला असतो. ब्रेक ऑइल भरायचं तर फ्लोअरच्या पत्र्यातलं छोटं झाकण काढावं लागतं. त्या काळी पॅडल फ्लोअरमधून वर येत, त्यामुळे पॅडलचा दांडा सरळ ढकलेल असा सिलिंडर पत्र्याखालीच बसायचा. या जागेचे परिणाम जीपवाले आजही भोगतात.

ब्रेकमध्ये तेल आलं ते माल्कम लॉकहीडमुळे. पुढे विमानांसाठी प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅलन लॉकहीडचा हा भाऊ. १९२१ मध्ये ड्युसेनबर्गच्या महागड्या गाडीत चारही चाकांना हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, ब्रेक आले आणि १९२४ मध्ये क्रायस्लरने ते सर्वसामान्य गाडीत आणले. सुरुवातीला सिलिंडरमधले वॉशर चामड्याचे होते आणि ते गळायचे. क्रायस्लरच्या इंजिनिअरांनी रबरी वॉशर घातले, तेव्हा ही यंत्रणा भरवशाची झाली. तरीही फोर्डने १९३९ पर्यंत सळ्या आणि केबलचेच ब्रेक वापरले. म्हणजे १९४१ च्या अखेरीस विलीज एमबी आणि १९४२ च्या सुरुवातीला फोर्ड जीपीडब्ल्यू या लष्करी जीप बनू लागल्या तेव्हा फोर्डच्या कारखान्यात हायड्रॉलिक ब्रेकला जेमतेम तीन वर्षं झाली होती.

त्या जीपची मांडणी अगदी साधी होती. मास्टर सिलिंडरचं बोअर (आतल्या पोकळीचा व्यास) १ इंच, पुढच्या चाकांचे सिलिंडर १ इंचाचे, मागचे पाऊण इंचाचे. एकच पिस्टन आणि चारही चाकांना जाणारी एकच लाइन. कुठेही पाइप फुटला की पॅडल थेट तळाला. मग हाताशी उरतो हँडब्रेक. तो तेलावर चालत नाही. ट्रान्सफर केसच्या (इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीच्या) मागच्या ड्रमला केबलने पकडतो. गाडी फोर व्हील ड्राइव्हमध्ये असेल तर तो चारही चाकं धरतो. जुन्या जीपचा मास्टर हाताळायच्या आधी हँडब्रेक ठीक करून घ्यावा, असं मी आग्रहाने सांगतो ते यासाठीच.

भारतात हीच मांडणी महायुद्धानंतर आली. १९४५ मध्ये महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी सुरू झाली, १९४८ मध्ये तिचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं, आणि मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी होऊ लागली. अमेरिकेत १९५३ साली आलेली विलीजची सीजे-३बी जीप तिथे १९६८ मध्ये बंद झाली. आपल्याकडे तिचा ढाचा पुढे कित्येक वर्षं टिकला.

आणि आपल्याकडे पाऊस. ग्लायकॉलचं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. त्यात सिलिंडर बिडाचा, टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक, आणि जागा चिखलपाण्याच्या टप्प्यात. कोकणात दोन-चार पावसाळे गाडी नुसती उभी राहिली तरी बोअरला गंजाचे खड्डे पडतात. अशा बोअरमध्ये नवी किट (वॉशर वगैरेंचा सुटा संच) टाकली तर वॉशर थोड्याच दिवसांत कापला जातो आणि दाबून धरलेलं पॅडल पुन्हा हळूहळू खाली बसू लागतं. खड्डे दिसले की अख्खा सिलिंडर बदलावा किंवा चांगल्या ठिकाणी स्लीव्ह (बोअरच्या आत बसणारी नवी नळी) मारून घ्यावी.

अमेरिकेत या एकाच लाइनच्या धोक्यावर उपाय निघाला तो १९६२ मध्ये. कॅडिलॅक आणि अमेरिकन मोटर्सने एका सिलिंडरमध्ये दोन पिस्टन घालून पुढच्या-मागच्या चाकांच्या लाइन वेगळ्या केल्या. १९६८ पासून तिथल्या संघराज्य नियमाने नव्या मोटारींना अशी विभागणी सक्तीची झाली. आज जुन्या जीपला असा दोन पिस्टनचा टँडम सिलिंडर बसवणारे बरेच आहेत, आणि रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीला तो बसवावा असंच माझं मत आहे.

मात्र हाती लागेल तो सिलिंडर चालत नाही. १ इंचाऐवजी सव्वा इंचाचं बोअर घेतलं तर पायाचा जोर तेवढाच असताना लाइनमधला दाब सुमारे ३६ टक्क्यांनी घटतो. पॅडल कडक लागतं, गाडी मात्र उशिरा थांबते. ड्रम ब्रेकसाठीच्या जुन्या मास्टरच्या तोंडाशी एक छोटा व्हॉल्व्ह असतो. तो लाइनमध्ये थोडा दाब राखतो, म्हणजे चाकांच्या सिलिंडरातले वॉशर आपल्या जागी घट्ट टेकून राहतात. डिस्कच्या गाडीतून काढलेल्या सिलिंडरमध्ये हा व्हॉल्व्ह बहुधा नसतो, म्हणून लाइनमध्ये तो वेगळा घालावा लागतो. शेवटी पॅडलला साधारण अर्धा इंच ढील ठेवावी. ती नसली तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, टाकीत तेल परत जाण्याचं बारीक भोक झाकलेलं राहतं, आणि घाटात ड्रम तापले की ब्रेक आपोआप धरू लागतात.