मानव्यविद्या आणि प्रगत संगणन

इतिहास, भाषा, साहित्य, तत्त्वज्ञान, जुने शिलालेख या सगळ्या मानव्यविद्या, आणि त्यांच्या संशोधनात सुपरकॉम्प्युटर, जीपीयू (एकाच वेळी हजारो हिशोब करणाऱ्या चिप), मशीन लर्निंग (उदाहरणांवरून कॉम्प्युटरने स्वतः शिकणं), थ्रीडी स्कॅनिंग वगैरे वापरून जे काम चालतं त्याला सरसकट डिजिटल ह्युमॅनिटीज म्हणतात. नाव नवीन वाटलं तरी काम बरंच जुनं आहे. रोबेर्तो बुसा नावाच्या इटालियन जेझुइट पाद्र्याने मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसच्या लेखनातल्या 'इन' या एवढ्याशा लॅटिन शब्दासाठी हाताने सुमारे १०,००० कार्डं लिहून काढली होती, आणि मग १९४९ मध्ये तो थेट आयबीएम या अमेरिकी यंत्र-कंपनीच्या प्रमुखाकडे, थॉमस वॉटसनकडे, मदत मागायला गेला. त्यातून १ कोटीच्या वर शब्दांची सूची तयार झाली, छापली तेव्हा ५६ खंड भरले, काम ३० वर्षं पुरलं. त्यातली पंचकार्डं, म्हणजे भोकं पाडून यंत्रासाठी माहिती नोंदवायची कार्डं, मुख्यतः तरुण मुलींनी पंच केली आणि त्यांची नावं कित्येक वर्षं कुठेच आली नव्हती, हे इथे लिहायलाच पाहिजे.

आता एवढी ताकद लागतेच कशाला? खरं सांगायचं तर पुष्कळ कामं साध्या लॅपटॉपवर होतात. १९६४ मध्ये मोस्टेलर आणि वॉलेस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूने लिहिलेल्या जुन्या 'फेडरलिस्ट' लेखांपैकी लेखकाबद्दल वाद असलेले १२ लेख त्यातल्या एका लेखकाचे, जेम्स मॅडिसनचेच असणार असं दाखवलं ते 'अपॉन' सारखे किरकोळ शब्द कोण किती वापरतो हे मोजून, आणि तेवढा हिशोब आज कुठल्याही मशीनवर चटकन होतो. पण समजा १ लाख पानं आहेत आणि कुठल्या पानावरचा मजकूर दुसऱ्या कुठल्या पानावर उचललाय ते शोधायचंय, तर प्रत्येक पान बाकीच्या सगळ्यांशी ताडून बघायचं म्हणजे जवळपास ५०० कोटी जोड्या होतात, एका जोडीला सेकंदाचा हजारावा भाग धरला तरी ५८ दिवस जातात, तेच काम १,००० प्रोसेसरवर वाटून दिलं की दीड तासाच्या आत उरकतं. आणि १ लाख पानं म्हणजे काही फार नाहीत, हाथीट्रस्ट या ग्रंथालयांच्या संघाच्या डिजिटल संग्रहातच १.७ कोटींच्या वर ग्रंथ आहेत.

मात्र मोजणीच्या आधी मजकूर नीट हवा आणि माझ्या मते सगळ्यात जास्त लक्ष इथेच द्यायला हवं. जुन्या इंग्रजी छपाईत शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये एक लांबट 'एस' असायचा तो बराचसा 'एफ' सारखा दिसतो, त्यामुळे स्कॅन केलेली पानं वाचणारं ओसीआर 'बेस्ट' चं 'बेफ्ट' करून टाकतं. साधारण १८०० च्या आसपास छापखान्यांनी ते अक्षर सोडलं, म्हणून शब्दांच्या वापराच्या आलेखात काही शब्द त्याच काळात एकदम उसळी मारताना दिसतात, आणि हे माहीत नसलेला माणूस त्या उसळीचं कारण समाजात शोधत बसतो. जुनी पुस्तकं हाताळलेला कुणीतरी टीममध्ये असल्याशिवाय अशी चूक पकडली जात नाही.

सगळ्यात थरारक काम हर्क्युलेनियम या इटलीतल्या प्राचीन रोमन गावातल्या गुंडाळ्यांचं. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला तेव्हा एका हवेलीतलं अख्खं ग्रंथालय जळून कोळसा झालं, अठराव्या शतकात त्या पपायरसच्या (लव्हाळ्यापासून केलेल्या प्राचीन कागदाच्या) गुंडाळ्या सापडल्या, उघडायला गेलं की तुकडे पडायचे. संगणकशास्त्रज्ञ ब्रेंट सील्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या न उघडता वाचायचा ध्यास घेतला. कण-प्रवेगकाच्या (सूक्ष्म कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राच्या) तीव्र एक्सरेने गुंडाळीचा आतून-बाहेरून थ्रीडी स्कॅन करायचा, त्यातला एकेक थर कॉम्प्युटरवर हळूहळू सुटा करायचा आणि सपाट पसरायचा. अडचण अशी की शाई काजळीची म्हणजे कार्बनची, आणि जळका पपायरसही कार्बनच, त्यामुळे एक्सरेला दोन्ही सारखेच. २०२३ मध्ये केसी हँडमर यांनी स्कॅनकडे नुसतं टक लावून बघून शाईच्या जागी सुकलेल्या चिखलासारख्या बारीक भेगा असतात हे ओळखलं, मग ल्यूक फॅरिटर या विद्यार्थ्याने त्या भेगा ओळखायला मशीन लर्निंगचं मॉडेल शिकवलं आणि एक ग्रीक शब्द उमटला, 'पोर्फिरास', जांभळा! मला तरी हे दरवेळी वाचताना अंगावर काटा येतो.

मॉडेलने अक्षरं स्वतःच्या मनाने बनवू नयेत म्हणून त्याला ग्रीक शिकवलंच नव्हतं, एका वेळी अगदी इवलासा तुकडा दाखवून इथे शाई आहे की नाही एवढंच विचारायचं. अक्षर कुठलं, शब्द कुठला, वाक्य कुठे तुटतं हे सगळं पपायरसतज्ज्ञांनी डोळ्यांनी वाचून ठरवलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये याच गुंडाळीतली २,००० च्या वर अक्षरं वाचून झाल्याचं जाहीर झालं, मजकूर सुखाबद्दलचा, त्यात संगीत आणि जेवणाचाही उल्लेख आहे. पुढे २०२५ मध्ये ऑक्सफर्डमधल्या दुसऱ्या एका बंद गुंडाळीचं शीर्षकच वाचता आलं, फिलोडेमस या ग्रीक तत्त्वज्ञाचं 'दुर्गुणांविषयी'. अजून शेकडो गुंडाळ्या तशाच बंद पडून आहेत.