भाऊ दाजींचं गुपित आणि वहाळाकाठची कवटी

तळकोकणात नदी-वहाळाच्या काठाने चालत गेलं की कवटीचं झाड दिसतं. काही जण त्याला कडू कवठ म्हणतात. खऱ्या कवठाशी त्याचं काही नातं नाही. फळ तसंच गोल, टणक सालीचं, म्हणून नाव चिकटलं. हे फळ खायचं मात्र नाही. पूर्वी ते ठेचून डोहात टाकत, मासे गुंगून वर यावेत म्हणून. झाडाच्या एका जुन्या शास्त्रीय नावाचा अर्थही ‘झिंग आणणारं’ असाच आहे. आतल्या बियांतून तेल निघतं, आणि त्या तेलाचं एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत मोठं गुपित होऊन बसलं होतं.

गुपित होतं डॉ. भाऊ दाजी लाड यांचं. भायखळ्याच्या संग्रहालयाला १९७५ पासून त्यांचं नाव आहे, त्यामुळे पुष्कळांना ते तेवढ्यापुरतेच ठाऊक असतात. भाऊ मूळचे पेडण्याकडच्या मांद्र्याचे. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये निघालं आणि १८५१ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली. त्या मोजक्या पदवीधरांत भाऊ होते. हातात नवी डॉक्टरकी, पण मन शिलालेखांत, ताम्रपटांत आणि संस्कृत पोथ्यांत. त्यामुळे जुन्या वैद्यकग्रंथातलं औषध स्वतः वाचायचं आणि मग रोग्यावर पारखून बघायचं, हे त्यांना जमलं. त्या काळी या दोन्ही गोष्टी येणारा माणूस विरळाच.

त्यांनी हात घातला तो महारोगाला, म्हणजे कुष्ठरोगाला. हा रोग होतो कशाने, यावरच तेव्हा एकमत नव्हतं. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने वसाहतींतून माहिती मागवून १८६७ मध्ये निर्वाळा दिला की तो सांसर्गिक नाही. हॅन्सन या डॉक्टरला नॉर्वेत त्याचे जंतू दिसले १८७३ मध्ये. इकडे मुंबई इलाख्यात हेन्री व्हॅन्डाइक कार्टर (शरीररचनेच्या ‘ग्रे’च्या प्रसिद्ध ग्रंथातली चित्रं याच माणसाची) रोग्यांच्या नसा तपासून याच कोड्यामागे लागला होता. कार्टरला रोग समजून घ्यायचा होता, भाऊंना तो हटवायचा होता.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात ‘तुवरक’ नावाचं झाड येतं. त्याच्या बियांचं तेल पोटात घ्यायचं आणि अंगाला चोळायचं, कुष्ठावर. झाड कुठे उगवतं तेही सांगितलंय: पश्चिम समुद्राच्या भूमीत, लाटांवरून येणाऱ्या वाऱ्याने ज्याची पालवी हलत राहते असं. हे तुवरक म्हणजे आपली कवटीच, असं अभ्यासक मानतात. मांद्र्याच्या माणसाला हे वर्णन वाचून काय वाटलं असेल, याची मला फार उत्सुकता आहे. ज्या समुद्राचा वारा तिथे लिहिलाय, त्याच्याच काठावर त्यांचा जन्म.

भाऊंनी कवटीचं तेल वापरलं, रोग्यांची रीघ लागली, पण औषध कोणतं हे ते उघड सांगेनात. माझ्या मते तिथे त्यांचं चुकलं. पुरती खात्री झाल्याशिवाय बोलू नये हा त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे, पण त्यापायी इतर डॉक्टरांना पडताळणीच करता येईना, आणि देशी उपायाकडे आधीच तिरक्या नजरेने बघणाऱ्यांचं फावलं. ३१ मे १८७४ रोजी भाऊ गेले. पुढे पश्चिम भारतातल्या औषधी वनस्पतींची नोंद करणाऱ्यांनी कवटीच्या नावापुढे त्यांचं नाव लिहिलं, तोवर उशीर झाला होता.

कारण कलकत्त्याला माऊट या इंग्रज डॉक्टरने पूर्वेकडच्या चालमोगऱ्याच्या तेलाबद्दल १८५४ मध्येच लिहून टाकलं होतं. चालमोगरा हा कवटीचा जवळचा भाऊबंद. जगभर नाव झालं ते चालमोगऱ्याचं. ही तेलं पोटात घेतली की भयंकर मळमळत. १९१५ च्या सुमारास हवाईत अॅलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ बाईने टोचता येईल असं रूप तयार केलं, आणि कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स हा डॉक्टरही त्याच खटपटीत होता. मग कवटीच्या तेलालाही मागणी आली. १९४० च्या दशकात या रोगावर सल्फोन नावाची नवी औषधं आली आणि तेल मागे पडलं. कोकणात खरजेवर, नायट्यावर ते लावणारी जुनी माणसं मात्र अजून आहेत.