सुपर ग्लू लवकर धरवण्याचे घरगुती उपाय

सायनोअ‍ॅक्रिलेट जातीचा गोंद (आपल्याकडे कंपनी कोणतीही असो, बोलताना ‘फेविक्विक’च) नेहमीपेक्षा लवकर घट्ट व्हावा म्हणून घरोघरी आणि दुरुस्तीच्या दुकानांत केल्या जाणाऱ्या युक्त्या. खाण्याचा सोडा ही त्यांतली सर्वांत रुळलेली.

हा गोंद फेव्हिकॉलसारखा पाणी उडून वाळत नाही. ट्यूबमध्ये बहुधा एथिल सायनोअ‍ॅक्रिलेटचे सुटे रेणू असतात. वस्तूच्या पृष्ठभागावरचा नकळत ओलावा किंवा एखादा अल्कधर्मी पदार्थ भेटताच ते साखळीने जोडले जाऊन कडक प्लास्टिक होते. ट्यूबमध्येच असे होऊ नये म्हणून त्यात किंचित आम्ल घातलेले असते. आम्लधर्मी लाकडावर गोंद रेंगाळतो तो याच कारणाने. अमेरिकेतील ईस्टमन कोडॅकचे हॅरी कूव्हर यांच्या हाती हे रसायन १९४२ मध्ये आले. बंदुकीच्या नेमदर्शकासाठी पारदर्शक प्लास्टिक हवे होते आणि हे तर सगळीकडे चिकटत होते, म्हणून ते बाजूला ठेवले गेले. गोंद म्हणून विक्रीला आले ते १९५८ मध्ये.

सोडा अल्कधर्मी असल्याने आम्लाचा अडसर दूर करतो, शिवाय भरावाचे काम करतो. रिमोटच्या झाकणाची कडी तुटून टवका उडाला असेल, तर त्या जागी चिमूटभर सोडा दाबून वर गोंदाचा थेंब सोडतात. थेंब क्षणात शोषला जातो, कधी बारीक धूर निघतो आणि हाताला गरम लागते. मग तो पांढरा दगडी भाग कानशीने घासून आकारात आणता येतो. गिटारच्या नटमधील (मानेच्या टोकाशी तारा जिच्या खाचांत बसतात ती छोटी पट्टी) झिजलेली खाचही कारागीर अशीच भरतात. मात्र दोन कडा नेमक्या बसत असतील तेथे सोडा नकोच. कण मध्ये येऊन सांधा उघडा राहतो. तेथे गोंद कमीत कमी लावावा, एका बाजूवर तोंडाची वाफ सोडावी आणि घट्ट दाबून धरावे. जास्त गोंद म्हणजे जास्त पक्के, हा समज उलटा आहे: थर जाड झाला की आतला द्रव बराच वेळ ओला राहतो. हिवाळ्यातील कोरड्या हवेतही वाफेचा उपयोग होतो. बाजारातील अ‍ॅक्टिव्हेटर स्प्रेही हेच काम करतो.

पॉलिथिनची बादली किंवा पॉलिप्रॉपिलीनची खुर्ची या गोंदाला मुळात दाद देत नाही. सोड्याने तेथे फक्त वरवर खपली धरते. सांधा सेकंदांत धरला तरी पूर्ण ताकद यायला साधारण २४ तास लागतात.

काम खिडकीजवळ करावे, कारण वाफ डोळ्यांना झोंबते. सांडलेला गोंद कापसाने किंवा सुती कपड्याने कधीही पुसू नये: सुती धाग्यांवर प्रक्रिया इतकी झपाट्याने होते की चटका बसतो, क्वचित कापूस पेटतोही. बोटे चिकटल्यास कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून हलकेच सोडवावीत. नेलपॉलिश काढायचे अ‍ॅसिटोनही चालते, पण डोळ्यांजवळ नाही.