घरगुती मीडिया सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम : पार्श्वभूमी

लग्नाच्या जुन्या व्हीसीडी, गणपतीतल्या भजनांची आणि दशावताराच्या प्रयोगांची मोबाइलवर केलेली चित्रणे, मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांनी पेनड्राइव्हवर आणलेले चित्रपट असा संग्रह रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या अनेक घरांत वर्षानुवर्षे साठत आलेला आहे. पावसाळ्यात इंटरनेटचा भरवसा नसल्यामुळे तो घरातल्याच एका संगणकावर ठेवून टीव्हीवर व फोनवर पाहण्याची सोय, म्हणजेच घरगुती मीडिया सर्व्हर, इथे उपयोगी ठरते. त्यासाठी कोणती ऑपरेटिंग सिस्टीम घ्यावी याची चर्चा बहुधा किंमत आणि सोपेपणा यांभोवती फिरते. डिस्कवर लेखन चालू असताना वीज गेली तर काय होते, हा प्रश्न मात्र मागे राहतो. (ज्यांना तो कधी पडला नाही, त्यांनी जूनपासून पुढचे चार महिने गावी काढलेले नसावेत.)

लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमची पूर्वीची ईएक्सटी२ ही फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइली कुठे-कशा ठेवायच्या ते ठरवणारी व्यवस्था, अशा वेळी फारच हतबल असे. वीज परत आल्यावर संपूर्ण डिस्क तपासल्याखेरीज ती विश्वासाने वापरता येत नसे आणि मोठ्या डिस्कवर ही तपासणी बराच वेळ चाले. होणाऱ्या बदलांची आगाऊ नोंद ठेवण्याची पद्धत, म्हणजे जर्नलिंग, विंडोज एनटीच्या एनटीएफएसमध्ये १९९३ पासून होती. लिनक्सच्या मुख्य प्रवाहात ती २००१ साली आधी रायझरएफएस आणि मग ईएक्सटी२ची पुढची आवृत्ती असलेल्या ईएक्सटी३ बरोबर आली. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने २००५ साली ओपनसोलारिस या आपल्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या मुक्त आवृत्तीतून खुली केलेली झेडएफएस ही फाइल सिस्टीम याच्या पुढे गेली. ती जुन्या मजकुरावर कधीच लिहीत नाही. नवा मजकूर मोकळ्या जागी पूर्ण लिहून झाल्यावरच त्याकडे निर्देश वळवते, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी आधीची सुसंगत स्थिती शाबूत राहते. शिवाय प्रत्येक तुकड्याची पडताळणी-बेरीज (मजकुरावरून काढलेला ताळ्याचा आकडा, चेकसम) ठेवल्यामुळे डिस्कवर गुपचूप झालेला बिघाडही तिला ओळखता येतो.

घरासाठी स्वतंत्र सर्व्हर प्रणाली असावी ही कल्पना याच सुमारास आकाराला आली. फ्रान्समधील ओलिव्हिए कोशार-लाबे यांनी २००५ मध्ये फ्रीबीएसडी या दुसऱ्या एका मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमवर आधारित फ्रीनॅस ही साठवणुकीची प्रणाली सुरू केली. त्याच वर्षी अमेरिकेत लाइम टेक्नॉलॉजीची अनरेड आली. स्लॅकवेअर लिनक्सवर उभी असलेली ही सशुल्क प्रणाली पेनड्राइव्हवरून सुरू होते आणि वेगवेगळ्या आकारांच्या डिस्क एकत्र वापरू देते. मायक्रोसॉफ्टने २००७ साली विंडोज होम सर्व्हर बाजारात आणली. तिच्यातील ड्राइव्ह एक्स्टेंडर ही सोय अनेक डिस्क मिळून एकच साठा असल्यासारखे दाखवी आणि निवडलेल्या फोल्डरांच्या दोन प्रती ठेवी. सुरुवातीच्या आवृत्तीत एकाहून अधिक डिस्क असताना काही फाइली खराब होण्याचा दोष निघाला. तो २००८ मध्ये दुरुस्त झाला. नंतर २०११ च्या आवृत्तीतून ती सोयच काढून टाकण्यात आली आणि पुढे या नावाची नवी आवृत्ती आली नाही. ज्या सोयीसाठी लोकांनी ती घेतली तीच गेल्यावर अनेकांनी इतर प्रणालींकडे मोर्चा वळवला, यात नवल नाही.

फ्रीनॅसच्या घरातही वाटणी झाली. तिचे विकसक फोल्कर थाइले यांना ती डेबियन लिनक्सवर नव्याने लिहायची होती. त्यातून २०११ मध्ये ओपनमीडियाव्हॉल्ट आली. मूळ नाव आयएक्ससिस्टिम्स या कंपनीकडे गेले आणि तिने झेडएफएसला केंद्रस्थानी ठेवून प्रणाली पुन्हा बांधली. २०२० मध्ये तिचे ट्रूनॅस असे नामांतर झाले आणि २०२२ मध्ये तिचीही डेबियनवर आधारलेली स्केल ही आवृत्ती आली. म्हणजे ज्या मुद्द्यावरून वाटा वेगळ्या झाल्या होत्या, त्याच मुद्द्याकडे दोन्ही घरे अखेर पोहोचली.

दरम्यान चित्रपट दाखवणारे सॉफ्टवेअर ऑपरेटिंग सिस्टीमपासून सुटे होत गेले. गेमयंत्रासाठी लिहिलेल्या एक्सबॉक्स मीडिया सेंटरमधून एकीकडे प्लेक्स निघाली, तर मूळ प्रकल्पाने २०१४ मध्ये कोडी हे नाव घेतले. विंडोज मीडिया सेंटरची पुरवणी म्हणून सुरू झालेली एम्बी लिनक्सवरही चालू लागली आणि तिने आपला कोड बंद केल्यावर डिसेंबर २०१८ मध्ये तिच्यातून जेलीफिन ही मुक्त शाखा फुटली. सॉफ्टवेअर त्याला लागणाऱ्या सगळ्या सामग्रीसह एका गठ्ठ्यात बांधून चालवणाऱ्या, २०१३ मध्ये आलेल्या डॉकरमुळे यातले जवळजवळ काहीही कोणत्याही लिनक्सवर बसवता येऊ लागले. मग प्रणाली निवडताना डिस्कची काळजी आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हर एवढेच मुख्यतः पाहायचे उरते. यातला दुसरा मुद्दा टीव्हीला न उमजणारे चित्रण चालू असतानाच रूपांतरित करण्यापुरता आहे. इंटेलच्या २०११ पासूनच्या अनेक प्रोसेसरांत त्यासाठी वेगळी यंत्रणा असते.

कोकणात पहिला मुद्दा, म्हणजे डिस्कची काळजी, जड आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागांत कित्येक गावे दीर्घकाळ अंधारात होती. पण वादळाच्या आठवड्यापेक्षा एरवी दिवसातून अनेकदा येणारी-जाणारी वीज डिस्कला अधिक छळते. अनरेडमध्ये नीट बंद न झालेला संगणक पुन्हा सुरू झाला की पॅरिटीची (एखादी डिस्क बिघडल्यास तिचा मजकूर परत मिळवण्यासाठी वेगळ्या डिस्कवर ठेवलेल्या माहितीची) तपासणी चालू होते आणि मोठ्या डिस्कवर ती तासन्‌तास चालते. ती संपण्याआधी पुन्हा लाईट गेली तर सगळे पहिल्यापासून. घरातला साधा इन्व्हर्टर बॅटरी संपत आल्याचे संगणकाला कळवत नाही. यूएसबीने जोडलेला यूपीएस ते कळवतो आणि ओपनमीडियाव्हॉल्ट व ट्रूनॅस या दोन्हींना तो इशारा घेऊन वेळेत बंद होता येते. अर्थात २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरासारख्या प्रसंगी कोणतीच प्रणाली कामाला येत नाही. तिथे मुंबईच्या घरी ठेवलेली दुसरी प्रतच उपयोगी.

एक-दोन डिस्क आणि बेताची मेमरी असलेल्या घरासाठी डेबियन किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट, त्यावर ईएक्सटी४ (ईएक्सटी३ची पुढची आवृत्ती) आणि जेलीफिन हा मार्ग मला सर्वांत कमी कटकटीचा वाटतो. आठ जीबी किंवा अधिक मेमरी आणि सारख्या आकाराच्या डिस्क असतील तर ट्रूनॅसचा विचार करावा. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे असे बरेच संगणक आता रिकामे होत आहेत. त्यातला फारच जुना, ३२ बिटचा संगणक मात्र बाजूला ठेवावा, कारण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये त्यासाठीचा इन्स्टॉलर उरलेला नाही.